गगनातील वाटाड्या

मुलांनो, पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. त्यांच्या दक्षिणेकडून नीरा वाहते, तर उत्तरेकडून भीमा. इंदापूर तालुक्याच्या टोकास नरसिंहपूर येथे या दोन नद्यांचा संगम होतो. नीरेचा डावा कालवा येण्यापूर्वी या दुआबातील शेती बहुतेक पावसाच्याच भरवशावर चालत असे. पाऊस पडला तर धान्य, नाही तर दुष्काळ, अशी तेव्हाची स्थिती होती.

पेशवाईच्या अस्तानंतर हा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली गेला. जमिनीवर सारा किती घ्यावा हे ठरविण्यासाठी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यांनी १८२७ नंतरच्या काही वर्षांत या प्रदेशातील जमिनींची मोजणी आणि प्रतवारी करविली. परंतु त्या मोजणीत आणि प्रतवारीत अनेक चुका राहिल्या. कागदावरील जमीन एक आणि प्रत्यक्षातील जमीन दुसरी, असे झाले. साराही डोईजड झाला. शेतकऱ्यांना तो झेपेना. कित्येकांनी शेते पडीक टाकली, कित्येक गाव सोडून गेले. अखेर सरकारला नवी मोजणी हाती घ्यावी लागली. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये ती इंदापूर तालुक्यापासूनच सुरू केली. तिच्यातूनच पुढे मुंबई इलाख्याची जमीनमोजणीची पद्धत घडत गेली. मोजणीतील चूक ही केवळ कागदावरची चूक नसते. तिचे ओझे कोणाच्या तरी खांद्यावर पडते, हे इंदापूरच्या शेतकऱ्यांनी फार पूर्वीच अनुभवले होते.

त्या काळी शेत मोजण्याचे मुख्य साधन म्हणजे लोखंडी साखळी. तिला शंकुसाखळी म्हणत. तिची लांबी ३३ फूट असे आणि तिचे १६ समान भाग पाडलेले असत. त्या प्रत्येक भागास आणा म्हणत. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. तुमच्या घरी आजही गुंठ्यांचा हिशेब बोलला जातो. त्या हिशेबाचे मूळ या साखळीत आहे.

आता असे समजा, की साखळी वापरून वापरून तिच्या कड्या झिजल्या आणि ती अवघी तीन इंच वाढली. एका साखळीत तीन इंच म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे, असे तुम्हांस वाटेल. परंतु अशा शंभर साखळ्या मोजल्या, तर चूक २५ फुटांची होईल! बरे, मोजणाऱ्याने कितीही काळजी घेतली, तरी त्याला ही चूक दिसणार नाही; कारण चूक त्याच्या हातात नसून त्याच्या साखळीतच आहे. मग उपाय कोणता? उपाय साधा आहे. जिची लांबी निःसंशय ठाऊक आहे अशा मापाशेजारी साखळी ठेवावी, ती किती वाढली ते पाहावे आणि तेवढी दुरुस्ती प्रत्येक मोजणीत करावी. साखळी नवी नसली तरी चालते. तिची चूक किती, हे ठाऊक असले म्हणजे झाले.

हे लहानसे तत्त्व तुम्ही नीट ध्यानात ठेवा. पुढे आकाशातील एका मोठ्या योजनेची हकिकत सांगावयाची आहे आणि तिचे सारे मर्म याच तत्त्वात आहे.

आज आपण कोठे आहोत हे मोबाईलच्या पडद्यावर क्षणात दिसते. ही किमया जीपीएस या व्यवस्थेची होय. अमेरिकेने तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला आणि १९९५ साली २४ उपग्रहांची मालिका पूर्णपणे कामास लागली. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रहात अतिशय अचूक असे आण्विक घड्याळ असते आणि प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो, ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे.’ हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या वेगाने खाली येतो. तुमच्या डोक्यावर असलेल्या उपग्रहाचा संदेश तुमच्यापर्यंत येण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग पुरतो.

संदेशास किती वेळ लागला हे कळले, की त्यास प्रकाशाच्या वेगाने गुणावे. उपग्रहाचे अंतर मिळते. हीच आकाशातील साखळी! अशा चार उपग्रहांची अंतरे मिळाली, म्हणजे आपले अक्षांश, रेखांश आणि उंची गणिताने काढता येतात. तीन गोष्टींसाठी चार उपग्रह कशाला, असे तुम्ही विचाराल. आपल्या हातातील उपकरणाचे घड्याळ साधे असते. त्याची चूक किती, हे शोधण्यासाठी चौथा उपग्रह लागतो.

परंतु या साखळीच्याही कड्या लांब-आखूड होतात. घड्याळात सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरांची चूक होते. उपग्रहांची घड्याळे फारच उत्तम असली, तरी त्यांतही अत्यल्प चूक राहतेच. उपग्रह ज्या मार्गावर आहे असे तो सांगतो, त्यापासून तो किंचित ढळलेला असतो. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे आयनांबर.

पृथ्वीच्या वर सुमारे ८० किलोमीटरांपासून पुढे शेकडो किलोमीटरपर्यंत वातावरणाचा जो भाग आहे, त्यातील विरळ वायूंवर सूर्याचे प्रखर किरण पडतात आणि त्यांचे कण विद्युत्भारित होतात. या भागास आयनांबर म्हणतात. त्यातून जाताना उपग्रहाच्या संदेशास विलंब होतो. कालव्यात पोहणाऱ्या मुलास शेवाळाच्या पट्ट्यातून जाताना जसा अधिक वेळ लागतो, तसेच हे आहे. विलंब झाला, की अंतर खऱ्यापेक्षा अधिक भरते. हा विलंब दिवसा अधिक असतो, रात्री कमी. आज एक, उद्या दुसरा.

आपल्या देशावरील आयनांबर तर विशेष चंचल आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे वर चढलेले विद्युत्कण उत्तरेस आणि दक्षिणेस सरकतात आणि दोन बाजूंना त्यांचे दाट पट्टे तयार होतात. उत्तरेकडील पट्टा आपल्याच देशावरून, अहमदाबादच्या परिसरावरून जातो. यामुळे अमेरिकेत किंवा युरोपात जी गणिते पुरेशी ठरली, ती येथे जशीच्या तशी लागू पडेनात. भारतीय शास्त्रज्ञांना येथल्या आकाशासाठी वेगळे गणित मांडावे लागले.

या सर्व चुका एकत्र झाल्या, की उघड्या माळावरही साध्या जीपीएसच्या मोजमापात काही मीटरांचा फरक पडतो. हे थोडे की फार? रस्ता शोधणाऱ्या वाटसरूस ते थोडेच आहे. इंदापूरहून भिगवणास जाणारी गाडी पाच मीटरांच्या चुकीने वाट चुकणार नाही. परंतु ढगांतून खाली उतरणाऱ्या विमानाचा विचार करा. वैमानिकास धावपट्टी दिसत नाही. आपण जमिनीपासून किती उंचीवर आहोत, हे त्यास यंत्रावरूनच कळावयाचे आहे. आणि गंमत अशी, की जीपीएसची उंचीतील चूक आडव्या चुकीपेक्षा सहसा अधिक असते. कारण सारे उपग्रह आपल्या वरच्या बाजूस असतात, पायाखालून मोजावयास एकही नसतो. अशा वेळी काही मीटर म्हणजे प्रवाशांच्या प्राणांचा प्रश्न होतो.

मग यावर उपाय कोणता? तोच, जो साखळीसाठी होता. ज्याचे स्थान निःसंशय ठाऊक आहे अशा ठिकाणी एक उपकरण कायमचे बसवावे. त्या ठिकाणापासून उपग्रहाचे खरे अंतर किती असावयास हवे, हे गणिताने काढावे. उपकरण किती अंतर दाखवते ते पाहावे. या दोहोंतील फरक म्हणजे चूक. आता जवळपासच्या साऱ्या प्रदेशावर आकाश तेच, उपग्रह तेच आणि म्हणून चूकही जवळजवळ तीच. ती चूक मोजून सर्वांना कळविली, की प्रत्येक जण आपले मोजमाप सुधारून घेऊ शकतो.

हे काम भारतात जी व्यवस्था करते, तिचे नाव ‘गगन’. ‘जीपीएस एडेड जिओ ऑगमेंटेड नॅव्हिगेशन’ या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून हा सुंदर शब्द बनला आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्था आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून ही व्यवस्था उभारली. तिच्यासाठी देशभर १५ संदर्भकेंद्रे निवडण्यात आली. जम्मू, दिल्ली, जैसलमेर, पोरबंदर, अहमदाबाद, नागपूर, गोवा, बंगळूर, तिरुवनंतपुरम, भुवनेश्वर, कोलकाता, गया, गुवाहाटी, दिब्रुगड आणि पोर्ट ब्लेअर ही ती ठिकाणे होत. नकाशा उघडून त्यांवर बोट ठेवून पाहा. बारामतीच्या दक्षिणेस गोवा, उत्तरेस अहमदाबाद आणि ईशान्येस नागपूर दिसेल. आपल्या माथ्यावरील आकाशाची राखण ही केंद्रे रात्रंदिवस करीत असतात.

ही सर्व केंद्रे आपापली निरीक्षणे बंगळूर येथील नियंत्रण केंद्रांकडे पाठवितात. तेथील संगणक प्रत्येक उपग्रहाच्या घड्याळाची आणि मार्गाची चूक वेगळी काढतात. भारतावरील आयनांबरावर अक्षांश-रेखांशांची एक कल्पित जाळी मांडून तिच्या प्रत्येक गाठीवर विलंब किती, हेही ठरवितात. हा दुरुस्तीचा संदेश सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहांकडे पाठविला जातो. भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो. म्हणून तो आकाशात एकाच जागी उभा असल्यासारखा भासतो. तेथून तो संदेश साऱ्या देशावर एकदम पसरतो. विशेष हे, की जीपीएसचे उपग्रह ज्या लहरीवर बोलतात, तीच लहर हाही संदेश वापरतो. त्यामुळे तो ऐकण्यासाठी वेगळी आकाशतार लागत नाही. उपकरणात तो समजून घेण्याची सोय मात्र हवी. या दुरुस्तीनंतर स्थानातील चूक सामान्यतः दोन-तीन मीटरांच्या आसपास येते.

हे यश सहज मिळाले नाही. गगनची यंत्रे ज्या ‘जीसॅट-४’ या उपग्रहावर होती, तो १५ एप्रिल २०१० रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. परंतु अग्निबाणाचे उड्डाण अयशस्वी होऊन उपग्रह नष्ट झाला. अनेक वर्षांचे परिश्रम काही मिनिटांत समुद्रास मिळाले. तरीही काम थांबले नाही. २१ मे २०११ रोजी ‘जीसॅट-८’, २९ सप्टेंबर २०१२ रोजी ‘जीसॅट-१०’ आणि ११ नोव्हेंबर २०१५ रोजी ‘जीसॅट-१५’ असे तीन उपग्रह गगनची यंत्रे घेऊन अवकाशात स्थिर झाले. ३० डिसेंबर २०१३ रोजी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मार्गक्रमणासाठी गगनला मान्यता दिली. २१ एप्रिल २०१५ रोजी विमान उतरविताना उंचीचे मार्गदर्शन करण्यासही मान्यता मिळाली.

अचूकता हा गगनचा एक गुण झाला. त्याहूनही मोलाचा असा तिचा दुसरा गुण आहे. तो म्हणजे विश्वासार्हता. गगन केवळ चूक सुधारून थांबत नाही. सुधारल्यानंतरही किती चूक उरली असू शकेल, याची मर्यादाही ती सांगते. एखादा उपग्रह बिघडला किंवा आकाश फारच अस्थिर झाले, तर ‘आता यावर विसंबू नका’ असा इशारा ती काही सेकंदांत देते. मग वैमानिक उतरण्याचा बेत सोडून विमान पुन्हा वर नेतो. जो वाटाड्या सदैव ‘मला ठाऊक आहे’ असेच म्हणतो, तो धोक्याचा. ‘येथून पुढची वाट मला दिसत नाही’ हे जो वेळीच सांगतो, तोच खरा वाटाड्या!

मोठ्या विमानतळांवर विमानास खाली आणण्यासाठी धावपट्टीजवळ खर्चिक यंत्रे बसविलेली असतात. लहान ठिकाणी ती बसविणे आणि सांभाळणे परवडत नाही. गगनचा संदेश मात्र आकाशातून येत असल्याने लहान-मोठा असा भेद करीत नाही. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड या लहान विमानतळावर एक प्रवासी विमान गगनच्या मार्गदर्शनाने चाचणीसाठी सुखरूप उतरले. बारामतीजवळही अशीच लहान धावपट्टी आहे आणि त्या परिसरात विमानविद्या शिकणाऱ्या तरुणांची विमाने आकाशात घिरट्या घालताना दिसतात. अर्थात आकाशात गगन आहे म्हणून कोठेही विमान उतरविता येते, असे मात्र नव्हे. त्यासाठी त्या त्या धावपट्टीकरिता उतरण्याचा मार्ग आखून मंजूर व्हावा लागतो, विमानात योग्य उपकरण असावे लागते आणि वैमानिकास त्याचे शिक्षण मिळालेले असावे लागते.

आता पुन्हा शेताच्या बांधावर येऊ. गुंठ्याची बाजू ३३ फुटांची, म्हणजे सुमारे दहा मीटर. गगनची दोन-तीन मीटरांची चूक विमानास चालेल; पण दोन भावांमधील बांधास ती कशी चालावी? त्यासाठी हेच तत्त्व अधिक जवळून वापरावे लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी कायमची केंद्रे जागोजाग उभारली आहेत. ती आपल्या परिसरातील चूक सतत मोजतात आणि ती मोबाईलच्या जाळ्यावरून भूकरमापकाच्या हातातील ‘रोव्हर’ नावाच्या उपकरणास कळवितात. केंद्र जवळ असल्याने आणि मोजण्याची रीतही अधिक सूक्ष्म असल्याने चूक अवघ्या काही सेंटिमीटरांवर येते. ज्या इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या माणसांनी साखळ्या ओढल्या, त्याच जमिनीवर आज अशा उपकरणांनी मोजणी करता येते.

परंतु एक मर्यादा विसरू नका. केंद्रावर जी चूक होते आणि तुमच्याकडेही होते, तीच केंद्रास मोजता येते. तुम्ही दाट आमराईत उभे असाल, उंच भिंतीच्या आडोशास असाल किंवा पत्र्यावर आपटून आलेला संदेश तुमचे उपकरण ऐकत असेल, तर ती चूक तुमच्या जागेची आहे. दूरच्या केंद्रास ती दिसणार कशी? तिच्यासाठी आपणच दोन पावले उघड्यावर आले पाहिजे.

मुलांनो, जगात निर्दोष असे माप नाही. लोखंडाची साखळी वाढते, घड्याळ मागे पडते, आकाशही संदेशास अडविते. शहाण्या माणसाने यावर शोधलेला उपाय असा, की चूक लपवू नये, ती मोजावी. मोजलेली चूक स्वतःपाशी न ठेवता इतरांस सांगावी. आणि जेथे खात्री नाही, तेथे ‘खात्री नाही’ असे स्पष्ट म्हणावे. चुकलेल्या मोजणीने जेथे एकेकाळी शेते ओसाड झाली, त्या इंदापूर-बारामतीच्या मातीस या उपायाचे मोल अधिक चांगले कळेल.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे थोडक्यात लिहा.
(अ) १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नवी मोजणी का करावी लागली?
(आ) स्थान काढण्यासाठी चार उपग्रहांची गरज का असते?
(इ) जीपीएसची उंचीतील चूक आडव्या चुकीपेक्षा अधिक का असते?

२. झिजलेली साखळी आणि उपग्रहाचा संदेश यांच्या चुकांत कोणते साम्य आहे? दोहोंवरील उपाय आपल्या शब्दांत सांगा.

३. ‘येथून पुढची वाट मला दिसत नाही हे जो वेळीच सांगतो, तोच खरा वाटाड्या!’ या वाक्याचा आशय पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. एक साखळी ३३ फुटांऐवजी ३३ फूट २ इंच झाली आहे. तिने ६० साखळ्या अंतर मोजले, तर प्रत्यक्ष अंतर किती फुटांनी अधिक असेल?

५. भारताच्या नकाशात गगनची पंधरा संदर्भकेंद्रे दाखवा आणि आपल्या गावास सर्वांत जवळचे केंद्र कोणते ते शोधा.

६. ‘गगन’ या शब्दाचे चार समानार्थी शब्द लिहा. ‘डोईजड होणे’ आणि ‘विसंबून राहणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.